गॅलापागोस : बोटीवरचा एकच दिवस (अनुभव धागा)

गॅलापागोसची क्रूझ करून आलेल्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. आठवडाभराचा वृत्तान्त सांगायला बसले की बेटांची नावे एकमेकांत मिसळू लागतात आणि कोणता पक्षी कुठे दिसला हे वही उघडून पाहावे लागते. एखादा दिवस मात्र पहाटेच्या घंटेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. या धाग्यात प्रत्येकाने तो एकच दिवस लिहावा, अशी विनंती आहे. बेटावर काय पाहिले, स्नॉर्केलिंगसाठी (तोंडातल्या नळीने श्वास घेत, तरंगत पाण्याखालचे पाहण्यासाठी) पाण्यात उतरल्यावर काय दिसले, आणि विशेषतः प्राणी किती जवळ आले व त्या वेळी तुम्ही काय केले, हे सविस्तर सांगावे.

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारते आहे. एक्वादोरच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटरवर असलेल्या या बेटांवर जमिनीवरचे मोठे शिकारी सस्तन प्राणी स्वतःहून कधी पोहोचलेच नाहीत, त्यामुळे तिथले पक्षी आणि सरपटणारे प्राणी माणसाला पाहून पळत नाहीत. १९५९ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून हा निर्भयपणा टिकवणे हेच तिथल्या व्यवस्थेचे मोठे काम आहे. उद्यानाचा परवाना असलेल्या मार्गदर्शकाशिवाय क्रूझच्या प्रवाशांना बेटांवर उतरता येत नाही, एका मार्गदर्शकाबरोबर सोळापेक्षा जास्त माणसे नसतात, आणि प्राण्यापासून दोन मीटर अंतर ठेवावे लागते. प्राणी आपण होऊन जवळ आला, तर जागच्या जागी स्तब्ध राहायचे. या दोन मीटरांत काय काय घडते, ते मला तुमच्याकडून ऐकायचे आहे.

सुरुवात माझ्या दिवसापासून करते.

बार्तोलोमे, ऑगस्ट

आमची बोट सोळा प्रवाशांची होती. रात्री ती चालत राही आणि पहाटे नांगर पडल्याचा आवाज झाला की नवे बेट आले, हे झोपेतही कळे. त्या दिवशी पावणेसहाला घंटा झाली. न्याहारीच्या आधीच आम्ही पांग्यात बसलो. पांगा म्हणजे मोटर लावलेली रबरी होडी. बोटीतून किनाऱ्यावर जाणे-येणे तिच्यातूनच होते. बार्तोलोमेला खडकात बांधलेल्या पायऱ्यांवर पाय न भिजवता उतरता येते, पण नेमक्या त्या पायऱ्यांवर एक सी-लायन (समुद्रसिंह) मादी आडवी झोपली होती. मार्गदर्शकाने मोटर बंद केली आणि आम्ही थांबलो. दहा-बारा मिनिटे फक्त पाण्याचा आवाज आणि तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने मान उचलली, आमच्याकडे पाहिले आणि सावकाश पाण्यात घसरली. तोपर्यंत आमच्यापैकी कोणी एक शब्दही बोलले नव्हते. आठवडाभर जे शिकायचे होते ते आम्ही त्या दहा मिनिटांत शिकलो, असे मला आजही वाटते.

हे बेट लहान आणि जवळजवळ उघडेबोडके आहे. बीगल जहाजावरचा डार्विनचा मित्र लेफ्टनंट बार्थोलोम्यू सलिव्हन याच्यावरून त्याला नाव पडले. ११४ मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत साडेतीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या आहेत. त्या चढणाऱ्यांच्या सोयीसाठी केल्या असाव्यात, असा माझा समज होता. मार्गदर्शकाने सांगितले की उतार ज्वालामुखीच्या राखेचा असल्यामुळे माणसांच्या पायांनी तो भराभर खचत होता, म्हणून जमिनीला पाय लागू नये अशी ही वाट बांधली आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना राखेत रुजलेली करड्या रंगाची तिकीलियाची झुडपे आणि लाव्हाच्या भेगांतून वर आलेले बोटभर जाडीचे निवडुंग एवढीच वनस्पती. वर पोहोचल्यावर खाली दोन अर्धवर्तुळाकार किनारे आणि त्यांच्या बाजूला पिनॅकल रॉक नावाचा सुळका दिसतो. छायाचित्रांतून तो इतक्यांदा पाहिलेला असतो की प्रत्यक्षात काही वाटणार नाही अशी मला धास्ती होती. तसे झाले नाही.

न्याहारीनंतर त्याच सुळक्याच्या पायथ्याशी स्नॉर्केलिंग होते. जून ते नोव्हेंबर हा तिथला थंड, ढगाळ हंगाम. आकाशात गारुआचे, म्हणजे धुक्यासारख्या झिमझिम पावसाचे ढग असतात आणि पाणी वीस अंशांच्या आसपास असते. वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा पोहण्याचा पोशाख, घालूनही पहिल्या क्षणी श्वास अडकला. स्नॉर्केलच्या नळीतून संथ श्वास घेता येईपर्यंत मी पांग्याच्या दोरीला धरून राहिले, आणि नव्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवेन, कारण धापा टाकत पोहणाऱ्याला पाण्याखालचे काहीच नीट दिसत नाही.

मग मान खाली घातली. पिवळ्या शेपटीचे सर्जनफिश शेकडोंच्या थव्याने एका लयीत खडक खरवडत होते. पॅरटफिश प्रवाळ आणि खडक कुरतडत असल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. माझ्या खाली वाळूवर व्हाइटटिप शार्क शांत पडून होता, पंखाच्या टोकावरचा पांढरा ठिपका दिसेल इतका स्वच्छ. माझ्या मनात भीती होती, हे खरे. पण तो हललाही नाही. मी त्याच्याकडे पाहत असतानाच उजवीकडून काहीतरी काळे-पांढरे सणकन गेले. पाठोपाठ दुसरे. पेंग्विन होते!

गॅलापागोस पेंग्विन जेमतेम अर्ध्या मीटर उंचीचा असतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला नैसर्गिकरीत्या आढळणारी पेंग्विनची ही एकमेव जात आहे, कारण इसाबेला बेटाच्या उत्तर टोकावरून विषुववृत्त जाते आणि हे पक्षी त्याच्या दोन्ही बाजूंना राहतात. खडकावर तो बावरलेला, अडखळत चालणारा दिसतो. पाण्यात त्याची गती डोळ्यांना पुरत नाही. तिघे-चौघे मिळून लहान मासळीच्या थव्याभोवती फिरत होते. थवा दाबला जाई, मध्येच फाटे, आणि त्या फटीतून एक पेंग्विन आरपार निघून जाई. मी हालचाल पूर्णपणे थांबवली आणि तरंगत राहिले. त्या मासळीला माझ्या सावलीचा आडोसा वाटला असावा, कारण सगळा थवा माझ्या अंगाखाली आला. पुढची दोन-तीन मिनिटे पेंग्विनांची शिकार माझ्या छातीपासून हातभर अंतरावर चालली होती. त्यांच्या पिसांत अडकलेले हवेचे बुडबुडे चांदीच्या धाग्यासारखे मागे राहत होते. मी हात शरीराला चिकटवून ठेवले होते आणि श्वास जमेल तितका हलका घेत होते.

दुपारी समोरच्या सांतियागो बेटावर सलिव्हन उपसागरात दोरखंडासारख्या पिळांच्या, काळ्या, गोठलेल्या लाव्हावरून चाललो. तेही पाहण्यासारखे आहेच, पण माझा दिवस सकाळीच पूर्ण झाला होता.

फर्नांदिना आणि पुन्ता व्हिसेंते रोका, सप्टेंबर

आपण बार्तोलोमेच्या थंड पाण्याबद्दल लिहिले आहे, पण पश्चिमेकडची बेटे त्याहून गार आहेत. क्रॉमवेल प्रवाह समुद्राच्या पृष्ठभागाखालून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत येतो, फर्नांदिना आणि इसाबेला यांच्या बुडाशी आदळतो आणि खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर आणतो. तिथल्या सगळ्या जीवसृष्टीचा पाया म्हणजे हे पाणी. उत्तम वेटसूट मागून घ्यावा. आमच्या बोटीवरचे सूट पातळ होते आणि माझ्या पत्नीला वीस मिनिटांत हुडहुडी भरून पांग्यात परतावे लागले. ही चौकशी आम्ही निघण्यापूर्वी करायला हवी होती.

सकाळ फर्नांदिनाच्या पुन्ता एस्पिनोसा या टोकावर गेली. काळ्या लाव्हावर पाऊल टाकताना डोळे सतत जमिनीवर ठेवावे लागतात, कारण खडक समजून जिथे पाय टाकाल तिथे समुद्री इग्वाना असू शकतो. शेकडो इग्वाना एकमेकांच्या अंगावर पहुडलेले होते. समुद्रात चरणारी ही जगातली एकमेव पाल-घोरपडीच्या कुळातली जात. पाण्याखालचे शेवाळ हेच तिचे अन्न. त्याबरोबर पोटात गेलेले मीठ नाकाजवळच्या ग्रंथींतून फवाऱ्यासारखे बाहेर टाकले जाते, म्हणून त्या कळपातून सतत शिंकल्यासारखे आवाज येत असतात आणि त्यांच्या डोक्यांवर मिठाचा पांढरा थर साचलेला दिसतो. एल निनोच्या वर्षी पाणी तापते, शेवाळ मरते आणि उपासमार होते. अशा वेळी प्रौढ इग्वानाची लांबीही कमी होते, काही वेळा वीस टक्क्यांपर्यंत, आणि अन्न मिळू लागले की ती पुन्हा वाढते. हाडे असलेला पूर्ण वाढीचा प्राणी आखूड होतो, हे ऐकून मी मार्गदर्शकाला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तिथेच उडता न येणारा पाणकावळा पाहिला. हा पक्षी जगात फक्त फर्नांदिना आणि इसाबेला या दोन बेटांवर आहे. आपल्या ओळखीच्या पाणकावळ्यासारखाच तो पाण्यातून बाहेर येऊन पंख पसरून उभा राहतो, पण ते पंख आखूड, विरळ पिसांचे आणि कधीच हवेत न उचलणारे असतात. एक नर चोचीत शेवाळाचा झुबका घेऊन पाण्यातून आला, आमच्या ओळीच्या मधून चालत गेला आणि घरट्यावर बसलेल्या मादीसमोर तो ठेवला. तिने तो घेतला, थोडा हलवला आणि घरट्याच्या कडेला खोचला. आम्ही सर्व जण वाट सोडून बाजूला झालो होतो. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुपारी इसाबेलाच्या पुन्ता व्हिसेंते रोकाला पाण्यात उतरलो. तिथे मी हिरवी समुद्री कासवे मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे मोजणे सोडून दिले. लाटेच्या ओढीबरोबर ती पुढे-मागे झुलत शेवाळ खात होती, आणि आम्हीही त्याच ओढीने पुढे-मागे झुलत होतो, त्यामुळे दोन मीटरांचे अंतर राखण्यासाठी सारखे मागे हटावे लागे. मागे हटताना पाठीमागे आणखी एक कासव असे. शेवटी मी पाय मारणे बंद केले आणि लाट नेईल तसा राहिलो. कासवे आपली आपणच मला वळसा घालून जाऊ लागली. याच पाण्यात एक पाणकावळा माझ्या खालून पोहत गेला, तेव्हा त्याने आखूड पंख अंगाशी घट्ट मिटलेले होते आणि केवळ पायांच्या रेट्यावर तो खडकाच्या फटी धुंडाळत होता. सकाळी खडकावर तो मला अपुरा वाटला होता. पाण्यात त्याला पाहिल्यावर मी माझे मत बदलले.

कोरोना देल दियाब्लो, फ्लोरेआना, फेब्रुवारी

माझा अनुभव सावधगिरीचा आहे, आणि तो या धाग्यात असणे आवश्यक वाटते. फ्लोरेआनाजवळ समुद्रात बुडालेल्या, झिजलेल्या ज्वालामुखीच्या मुखाचे काळे सुळके वर्तुळात उभे आहेत. तिथे एका बाजूला उतरायचे आणि प्रवाहाबरोबर वाहत दुसऱ्या बाजूला पांग्यात चढायचे, अशी पद्धत आहे. मार्गदर्शकाने प्रवाहाविरुद्ध पोहू नका असे स्पष्ट बजावले होते. पण मला खाली ठिपक्यांचे तीन पाकट दिसले, गरुडासारखे पंख हलवत एका ओळीत जाणारे, आणि मी त्यांच्या मागे वळलो. काही क्षणांत माझ्या लक्षात आले की मी सर्व शक्तीनिशी पाय मारत असूनही समोरचा खडक तिथेच आहे. मास्कमध्ये पाणी शिरले, मी घाबरलो आणि डोके वर काढून ओरडलो.

मार्गदर्शकाने लाइफबॉय माझ्याकडे लोटला आणि सांगितले, "काहीही करू नका, फक्त धरून ठेवा." मी धरून राहिलो. प्रवाहाने मला अलगद त्याच वर्तुळाच्या कडेने फिरवून शांत पाण्यात आणून सोडले, जिथे आमची बाकीची मंडळी आधीच तरंगत होती. फेब्रुवारीतले पाणी उबदार आणि स्वच्छ होते, किंग एंजलफिश डोळ्यांसमोरून जात होते, पण माझे हात थरथरत होते. चूक पूर्णपणे माझी होती. पाकटांच्या मागे गेलो नसतो तर कदाचित तेच पुढे वळणावर पुन्हा भेटले असते. माझ्याबरोबरच्या दोघांना ते भेटलेही.

एस्पान्योला, ऑक्टोबर

मी पक्षी पाहायला गेले होते, म्हणून माझ्या दिवसात स्नॉर्केलिंग थोडे आणि उभे राहणे जास्त आहे. वेव्ह्ड अल्बट्रॉसची जवळजवळ संपूर्ण वीण एस्पान्योला या एका बेटावर होते. एप्रिलमध्ये ते समुद्रावरून परततात आणि वर्ष संपताना निघून जातात. मधल्या काळात गेलात तरच भेट. ऑक्टोबरमध्ये तपकिरी लवीची थोराड पिल्ले झुडपांच्या सावलीत बसलेली होती आणि काही जोड्या अजूनही प्रणयनृत्य करत होत्या. चोचीवर चोच आपटणे, मान आकाशाकडे ताठ उचलणे, डुलत चालणे, पुन्हा चोची भिडवणे, असा तो क्रम वीस मिनिटे चालला. एक जोडी नाचत नाचत आमच्या वाटेवर आली. आमच्यापैकी कोणीही कॅमेरा उचलला नाही, याचे मला आज नवल वाटते.

सव्वादोन मीटरांहून अधिक पंखविस्ताराच्या या पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. तो कड्यापर्यंत जड पावलांनी चालत जातो आणि वाऱ्यात झेप घेतो. एक अल्बट्रॉस कड्याच्या टोकाला किती तरी वेळ उभा होता. मला वाटले, तो दमला असावा. मार्गदर्शक म्हणाली, तो वाऱ्याची वाट पाहतो आहे. वारा आला आणि त्याने फक्त पंख उघडले.

एस्पान्योलाचाच दुसरा किनारा, त्याच हंगामात

वरच्या अनुभवातली मंडळी कड्यावर होती, तसे आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर गार्डनर उपसागराच्या पांढऱ्या वाळूवर होतो. एक सी-लायनचे पिल्लू लडबडत थेट तिच्याकडे आले. माणसाच्या स्पर्शाचा वास लागलेल्या पिल्लाला आई झिडकारू शकते, असे मार्गदर्शकाने आदल्या रात्री सांगितले होते. मुलीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ती पुतळ्यासारखी उभी राहिली. पिल्लाने तिची पावले हुंगली, गुडघ्यापाशी नाक नेले, आणि आईची हाक येताच वळले. मुलीचे डोळे भरून आले होते. नंतर पाण्यात तेच पिल्लू असावे, ते तिच्याभोवती गोल फिरले, उलटे झाले, तिच्या मास्कसमोर येऊन तोंडातून बुडबुडे सोडले. तिनेही नळीतून बुडबुडे सोडले. हे बराच वेळ चालले.

मोठ्या नरापासून मात्र दूर राहावे. तो आपल्या हद्दीच्या कडेने भुंकत फेऱ्या घालतो, आणि तो दिसताच मार्गदर्शकाने आम्हाला सर्वांना किनाऱ्याकडे वळवले.

२०२३, वर्षअखेर

माझा अनुभव दोन ओळींचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बेटांवरच्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला आणि बाधित भागांतली उतरण्याची काही ठिकाणे बंद झाली, त्यात आमच्या मार्गातले लाल पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्यांचे बेट गेले. त्या बेटासाठीच आम्ही हा मार्ग निवडला होता, म्हणून वाईट वाटले. तरीही बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवून दुसऱ्या बेटावर उतरताना हा निर्णय योग्य आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

नॉर्थ सेमूर, जून

मला पोहता येत नाही आणि वय ७१ आहे. मुलाच्या आग्रहाने गेले. स्नॉर्केलिंगच्या वेळी मी पांग्यातच बसून राहणार, तर माझ्यासाठी या सहलीत काय असेल, असे मी त्याला विचारले होते. माझ्यासारख्या कोणाच्या मनात तोच प्रश्न असेल, म्हणून लिहिते.

सकाळी बेटावर निळ्या पायांचे बूबी पाहिले. त्यांच्या पायांचा निळा रंग माशांतून मिळणाऱ्या द्रव्यांवर अवलंबून असतो आणि उपास घडला की तो काही दिवसांतच फिका पडतो. नर एक पाय उचलून दाखवी, मग दुसरा, आणि मादी ते पाय निरखून पाही. पलीकडे झुडपांवर फ्रिगेट या समुद्रपक्ष्याचे नर गळ्याची लाल पिशवी फुगवून बसले होते. पायवाटेच्या मधोमध एका बूबीने अंडी घातली होती, ती पायांच्या रुंद पडद्यांखाली उबवत होती, आणि तिच्यासाठी आम्ही सगळे वाकडी वाट करून गेलो.

दुपारी सर्व जण पाण्यात उतरल्यावर मी आणि पांगा चालवणारा खलाशी दोघेच उरलो. मला स्पॅनिश येत नाही, त्याला इंग्रजी येत नव्हते. तो बोटाने दाखवी आणि मी पाही. कासवाचे डोके, खडकावरचे लालभडक खेकडे, दूरवर उंचावरून बाणासारखे पाण्यात पडणारे बूबी. एकदा त्याने मोटर थांबवून ओठांवर बोट ठेवले, आणि पांग्याच्या अगदी कडेला एक सी-लायन वर आली. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. तिच्या मिशांवरचे पाण्याचे थेंब मी मोजू शकले असते.

रात्री जेवणानंतर त्याच खलाशाने मला हाक मारून डेकच्या मागच्या बाजूला नेले. बोट चालू होती आणि आमच्या दिव्यांच्या कडेला पांढरे पक्षी वाऱ्यावर तरंगत होते, अजिबात आवाज न करता. मार्गदर्शकाने नाव सांगितले, स्वॅलो-टेल्ड गल. पूर्णपणे रात्रीच्या अंधारातच शिकार करणारा हा जगातला एकमेव कुरव आहे. उजेडाकडे वर येणाऱ्या मासळीवर ते झेपावत आणि पुन्हा काळोखात दिसेनासे होत. मुलगा दोनदा बोलवायला आला. मी त्याला शेजारची खुर्ची दाखवली आणि तोही बसला.